दाना फिरंग आणि आम्ही दोघं

माझा भाऊ किडनीचा खडा विकायचा आणि त्याच्याच दोन्ही किडन्या गेल्या. हे कुणाला सांगितलं की लोक आधी फिसकन हसतात आणि मग ओशाळतात. ओशाळू नका. तो स्वतःही हसायचा की.

सोलापुरात सराफ बाजाराच्या एका बोळात त्याचं खड्यांचं दुकान आहे. दुकान कसलं, खोकंच ते. दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्यानं पायरीवर ताटकळायचं. राशीचे खडे, चांदीच्या अंगठ्या, गळ्यातल्या इष्टलिंगाला लावायच्या चांदीच्या साखळ्या, असा सगळा माल. त्यातला एक गडद हिरवा, काळपट पट्ट्यांचा खडा, त्याचं नाव दाना फिरंग. कमरेत कळ येते, मूतखडा झालाय, म्हणून लोक तो मागायला येतात. तरणी पोरं तर पायरीवरनंच विचारतात, किडनी स्टोन आहे का. भाऊ प्रत्येकाला सांगायचा, खडा घ्या हवा तर, पण आधी सोनोग्राफी करून या. असं बोलून कुणाचा धंदा होतो का? पण तो पहिल्यापासून तसलाच.

मी त्याची थोरली बहीण. आमच्या घरात कन्नड आणि मराठी दोन्ही चालतात, त्यामुळं तो मला अक्का म्हणतो आणि मी त्याला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. आईवडील गेल्यावर रागवायला मला तो एकटाच उरला. माझा शाळेच्या गणवेशांचा छोटा कारखाना आहे, घराच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत शिलाई मशीनं आणि चार बायका. दिवसभर कडकडाट ऐकून माझा आवाज चढलेलाच असतो. माझे यजमान म्हणतात, तू गुपित सांगितलंस तरी गल्लीला कळतं.

भावानं बीपी अंगावर काढलं, दुसरं काही नाही. डोकं दुखलं की गोळी आणि गिऱ्हाईक आलं की दुकान. पाय सुजले तेव्हा म्हणाला, दिवसभर बसून सुजलेत. शेवटी धाप लागून पडला तेव्हा तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी हात वर केले. आता डायलिसिस, आणि पुढं जमलं तर कुणाची तरी किडनी बसवायची. माझ्या भावजयीनं तिथल्या तिथं माझी घ्या म्हणून सांगितलं, पण तिला आधीपासून साखरेचा आजार, डॉक्टरांनी तिला बाजूला काढलं. ती बिचारी जिन्यावर बसून रडली. मी तिच्याशेजारी बसले आणि मला एकच कळत होतं की ह्याला काही झालं तर मला अक्का म्हणणारं कुणी उरणार नाही.

मग पाहुणे सुरू झाले. भेटायला येणारा प्रत्येक जण खिशातून पुडी काढायचा आणि पुडीत काय, तर दाना फिरंग. अक्कलकोटच्या आत्यानं आणला, मावसभावानं आणला, शेजाऱ्यांनी आणला. जो माणूस तो खडा विकतो त्यालाच आणून द्यायचा, कमाल आहे. मावसभावानं तर तो समोरच्या दुकानातून आणला होता, आणि वर भावाला विचारलं की खरा आहे का बघ. भावानं उशीवर टेकून, भिंग लावून तो बघितला आणि सांगितलं, खरा आहे, पण माझ्याकडं स्वस्त मिळाला असता.

डायलिसिसला त्याच्यासोबत मी जायचे. भावजय दुकान बघायची, आणि खरं सांगायचं तर तिला ते रक्ताचं नळीतून फिरणं बघवत नव्हतं. मलाही बघवत नव्हतं, पण मी थोरली. तिथं चार तास बसायचं म्हणजे माणूस वेडा होईल. सुरुवातीला मी गणवेशांच्या शर्टांना काज-बटणं करत बसायचे. भाऊ छताकडं बघायचा. मग एकदा, काहीतरी बोल की रे, म्हणून मी खेकसले, तेव्हा तो म्हणाला, तुला खड्यांची नावं कुठून आली ते सांगू का. लग्नात, बारशात, कुठंही तो हा विषय काढायचा आणि मी उठून जायचे. आता उठून कुठं जाणार?

तर पहिलं, पाचू. आमची जुनी माणसं नुसतं पाच म्हणायची. घरच्या कन्नडात पच्चे. मला वाटायचं, कन्नडवाल्यांनी मराठीतून घेतलं असणार. भाऊ म्हणाला, उलटं आहे, हा शब्द दक्षिणेकडून वर आला. पलीकडच्या खाटेवर सोलापूरच्या पूर्व भागातले एक विणकर काका असायचे, जन्म टॉवेलच्या मागावर गेलेला, घरात तेलुगू. ते डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी सुई नसलेला हात वर केला आणि मनगटावरचं गोंदण दाखवलं. म्हणाले, ह्याला आमच्यात पच्चबोट्टु म्हणतात, हिरवा ठिपका. आणि कच्च्याला पच्ची. ओल्या जखमेलाही पच्ची. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईलाही पच्चीच म्हणतात. मी म्हटलं, आपण ओली बाळंतीण म्हणतो की. भाऊ त्या नळ्यांसकट उठून बसायला निघाला, सिस्टर ओरडल्या. कन्नडात कच्चं म्हणजे हसी आणि हिरवं म्हणजे हसिरु, तेही ह्याच घरातलं, असं तो पडल्या पडल्या सांगत राहिला. हिरवं म्हणजे ओलं, कच्चं, अजून वाळलेलं नाही ते. एवढ्या महागाच्या खड्याला लोकांनी असं साधं नाव ठेवलं, ह्याचाच त्याला आनंद.

त्या दिवसापासून मी बटणांची पिशवी न्यायचं बंद केलं.

पन्ना हा म्हणे पर्णावरून, म्हणजे पानावरून आला. भावाचा दाना फिरंग, ज्याला इंग्रजीत मॅलाकाइट म्हणतात, तो ग्रीकांच्या कसल्याशा रानभाजीच्या पानावरून. मी म्हटलं, सगळी नावं भाजी निवडताना ठेवलेली दिसतात. आणि दाना म्हणजे धान्याचा दाणा नव्हे बरं का. फारसीत तांब्याच्या हिरव्या दगडाला दहना म्हणायचे, आणि फिरंग म्हणजे फिरंग्यांच्या मुलखातला. खरंखोटं देव जाणे, मी काही तपासायला गेले नाही. ॲव्हेंचुरिन नावाचा स्वस्त हिरवा खडा असतो, त्याची गंमत मला लई आवडली. इटलीत काचेच्या भट्टीत कुणाच्या हातून तांब्याचा कीस पडला आणि चमचमती काच तयार झाली. नशिबानं झाली म्हणून तिचं नावच नशिबाची ठेवलं. पुढं तसा दिसणारा खरा दगड सापडला, तर त्याला त्या काचेचं नाव. खऱ्याला खोट्याचं नाव, असं म्हणून भाऊ इतका हसला की मशीन वाजायला लागलं.

जेडचंही नाव त्यानं सांगितलं, पण जरा थांबून. समुद्रापलीकडच्या लोकांचा हा दगड. कुशीत दुखलं की ते लोक तो कुशीला लावायचे, म्हणून स्पेनच्या लोकांनी त्याला कुशीचा दगड म्हटलं. त्याच्याच एका जातीला नंतर विद्वानांनी नेफ्राइट असं नाव दिलं, किडनीच्या ग्रीक शब्दावरून. भावानं हनुवटीनं दाराकडं खूण केली. दारावर पाटी होती, नेफ्रॉलॉजी विभाग. म्हणाला, बघ, दगडाचं आणि ह्या खोलीचं आडनाव एकच. काका झोपले होते. मी उगाच भावाच्या अंगावरची चादर सारखी केली.

मग त्यानं स्वतःच विषय बदलला. म्हणाला, मरकत, जमुर्रद आणि इंग्रजीतलं एमराल्ड, तिन्ही एकाच घरातली. एक शब्द पश्चिमेकडच्या बंदरांतून निघाला, व्यापाऱ्यांबरोबर इकडं येऊन मरकत झाला, इराणात जमुर्रद झाला, आणि तिकडं गोऱ्यांकडं जाता जाता त्याचं एमराल्ड झालं. दुकानात मुसलमान गिऱ्हाईक जमुर्रद मागतं, भटजी मरकत म्हणतात, कॉलेजची पोरगी एमराल्ड, आणि एकमेकांना ओळखत नसल्यासारखी बघतात. मी म्हटलं, म्हणजे सख्खी भावंडं की रे. तो म्हणाला, सख्खीच.

त्याच दुपारी, तो मशीनवर असताना, मी खाली जाऊन डॉक्टरांना भेटले आणि माझी किडनी त्याला जुळते का ते बघायला रक्त दिलं. घरी आल्यावर आधी यजमानांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, तुला त्रास होणार का. मी म्हटलं, होणार. ते म्हणाले, मग मी रजा टाकून ठेवतो. असल्या माणसाशी मी इतकी वर्षं भांडले, पण त्या दिवशी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

तपासण्या एकेक करत पार पडल्या आणि सगळं जुळलं. डॉक्टर म्हणाले, बहीणभाऊ असून इतकं छान जुळतंच असं नाही. मी पेढे घेऊन भावाकडं गेले. त्यानं पेढा हातात घेतला, ऐकलं आणि पेढा परत ठेवला. अक्का, बहिणीचं घ्यायचं नसतं, म्हणाला. बस्स, एवढंच.

मला आधी वाटलं, थट्टा करतोय. पण नाही. आमच्यात भाऊ बहिणीला देतो. सणाला साडी देतो, भाचरांच्या लग्नाला उभा राहतो, बहीण सासरहून आली की तिची पिशवी भरून पाठवतो. तिच्या घरी गेला तर पाण्याच्या पेल्याखाली नोट ठेवून निघतो. तो तर माझ्या कारखान्यातून मुलाचा गणवेश नेताना पूर्ण दाम मोजायचा, मी चिडले तरी. असला माणूस बहिणीच्या अंगातला अवयव घेईल? मी रागावले, रडले, भावजयीला मध्ये घातलं. डॉक्टरांनी समजावलं. तो सगळ्यांचं ऐकायचा आणि मान हलवायचा. डायलिसिसवर चाललंय की, म्हणायचा. चालत कसलं होतं? चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता, जिना चढताना मध्ये दोनदा बसायचा. त्याच सुमारास पलीकडच्या खाटेवरचे काका यायचे बंद झाले. आम्ही दोघांनीही सिस्टरना काही विचारलं नाही.

मी त्याच्याशी बोलणं टाकलं. डायलिसिसला जायचे, पण गप्प बसायचे, आणि पुन्हा बटणं लावायचे. तोही नावं सांगेना. असं किती दिवस चालणार? एका संध्याकाळी मी ठरवूनच दुकानात गेले की आज एकतर हो म्हणवून घ्यायचं, नाहीतर त्याच्या पायरीवर तोंडाला येईल ते बोलून सगळा बाजार गोळा करायचा.

तर आत वैरागची एक बाई बसलेली. मुलाच्या परीक्षेसाठी तिनं पाचू नेला होता, जाकड. म्हणजे विकत नव्हे, बघायला. राशीच्या खड्यांचं असंच असतं, गिऱ्हाईक खडा फडक्यात बांधून दंडाला लावतं नाहीतर उशाखाली ठेवतं, मानवला तर ठेवून घ्यायचा, नाही मानवला तर परत. ती बाई म्हणत होती, पोराला वंगाळ सपनं पडाय लागली, न्हाय मानवला. ती ओशाळून बोलत होती. भाऊ तिला म्हणाला, अहो, त्यात काय, खड्याचाही दोष नाही आणि तुमचाही नाही. त्यानं खडा पुसून कागदात ठेवला आणि तिच्यासाठी चहा सांगितला.

ती चहा पिऊन गेली. मी शांतपणे चप्पल काढली आणि आत तिच्या जागेवर बसले. भाऊ माझ्याकडं सावधपणे बघत होता. मला शांत बघायची त्याला सवय नव्हती.

मी म्हटलं, "तुला भीती कसली आहे ते मला कळलंय. घ्यायची लाज हे वरवरचं आहे. माझी किडनी टिकली नाही तर काय, हे खरं आहे ना?"

त्यानं काउंटरवरची काच पुसली. मग म्हणाला, "न्हाय टिकली तर माझी गेलेलीच आहे, अक्का. तुझी पण जाईल. मग तुझ्याकडं कुठल्या तोंडानं बघू?"

"आत्ता ती बाई गेली, तिच्याकडं तू कुठल्या तोंडानं बघितलंस?"

त्यानं पाचूची ती कागदाची पुडी ड्रॉवरमध्ये टाकली.

"मी तुला देत नाहीये," मी म्हटलं. "जाकड ने. मानवली तर ठेव. नाही मानवली तर तुझा दोष नाही, माझा नाही, तिचाही नाही. त्या बाईला जे सांगितलंस तेच मी तुला सांगते."

त्यानं चष्मा काढला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्याला लहानपणी रडताना लई वेळा बघितलंय, बहुतेक वेळा मीच मारलेलं असायचं. पण ते वेगळं. बऱ्याच वेळानं तोंडावरचे हात न काढताच तो म्हणाला, पेढे संपले का. मी म्हटलं, कधीच संपले, चल, नवे घेऊ.

पुढं परवानगीसाठी सरकारी समितीसमोर बसवून मला विचारलं, तुमच्यावर कुणी जबरदस्ती केली आहे का. मी म्हटलं, साहेब, जबरदस्ती मी केली आहे. समितीतल्या एक बाई हसल्या, पण साहेबांनी फक्त हो किंवा नाही म्हणा म्हणून सांगितलं. मी नाही म्हटलं.

ऑपरेशनच्या सकाळी आम्हा दोघांना शेजारी शेजारी स्ट्रेचरवर ठेवलं होतं. हिरवे झगे, हिरव्या टोप्या. भाऊ घाबरला होता, ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं, सगळीकडं पाचच पाच दिसतंय. त्यानं मला तसल्या अवस्थेतही दुरुस्त केलं की हा पाचूचा रंग नाही, हा फिका आहे. मग मला आत नेलं.

जाग आली तेव्हा कुशीत इतकं दुखत होतं की त्या समुद्रापलीकडच्या लोकांचा दगड कुणी आणून दिला असता तर मी लावून घेतला असता. पण दुखण्याचं काही नव्हतं. भावजय आली आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. नवी किडनी बसली होती, रक्त फिरत होतं, पण तिनं काम सुरू केलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, कधी कधी ती काही दिवस झोपून राहते, वाट बघायची. वाट बघायची म्हणजे काय? भावाला पुन्हा मशीनवर घ्यावं लागलं. काचेतून मी त्याला बघितलं. त्यानं माझ्याकडं बघून हात जोडले आणि मी त्याला बोटानं दम दिला, हात खाली घे म्हणून.

मला आधी घरी सोडलं. जड उचलायचं नाही, वाकायचं नाही. मी पत्र्याच्या खोलीत दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि बायकांच्या शिलाईत चुका काढायचे. फोन मांडीवर. भावजय सकाळ-संध्याकाळ कळवायची, अजून नाही. मी देवाशी भांडले. मग आतल्या त्या किडनीशी भांडले. म्हटलं, जन्मभर माझ्यात होतीस, मी कधी उशिरापर्यंत झोपले का? तू कशाला झोपलीस? बायका मशीनवरून मान न उचलता ऐकायच्या, कुणी हसायचं नाही.

एका दुपारी एका शाळेचे मुख्याध्यापक कापडाचा नमुना पसंत करायला आले होते. भारदस्त गृहस्थ, कोट घातलेला. मी त्यांना कॉलर दाखवत होते आणि फोन वाजला. नाव भावाचं. स्वतः तो करत नव्हता इतके दिवस. मी कॉलर मुख्याध्यापकांच्या हातात दिली आणि फोन उचलला.

"अक्का," तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक होता. "अक्का, लघवी झाली."

"किती?"

"पिशवी भरून. सकाळपासून होतीय. डॉक्टर येऊन बघून गेले, हसले."

"रंग कसा आहे?"

"पिवळा," तो म्हणाला. "एकदम स्वच्छ पिवळा. पुष्कराज."

मी फोन बाजूला केला आणि खोलीतल्या सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं की माझ्या भावाला लघवी झाली. मशीनं एकदम थांबली. मुख्याध्यापक हातात कॉलर धरून उभे होते, त्यांना काय कळलं कुणास ठाऊक, पण तेही अभिनंदन म्हणाले. एक बाई उठून आली आणि मला धरलं, कारण मी पोटावर हात धरून एकाच वेळी हसत आणि रडत होते आणि टाके ताणत होते. मी फोन परत कानाला लावला. तिकडं तोही रडत होता. आम्ही दोघं तसेच रडत राहिलो, मग नाक ओढून तो म्हणाला, "अक्का, ठेवतो आता. सिस्टर पिशवी बदलायला आल्यात."